साडेचार फुटांचा आडोसा

दिवाळी अंक हा घरातल्या साऱ्यांनी वाचायचा असतो. आमच्याकडे तो प्रथम वडीलधाऱ्यांच्या हाती पडे, तेथून माजघरात जाई, आणि भाऊबीजेच्या सुमारास मुलांच्या वाट्याला येई तेव्हा त्याचे मुखपृष्ठ एकीकडे व पाने एकीकडे झालेली असत. अशा अंकात अश्लील मजकूर आणि त्याला सरकारने घातलेला लगाम हा विषय काढणे म्हणजे अनारशांच्या ताटात कारल्याची फोड ठेवण्यासारखेच आहे. परंतु वाचकांनी बिचकू नये. मुलांपासून लपवावे असे या लेखात काही नाही. शिवाय हा विषय दिवाळी अंकाला वाटतो तितका परकाही नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, आणि पुरते साठ वर्षांचे वय होते न होते तोच एक मराठी दिवाळी अंक याच विषयापायी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार पाहून आला. ती हकीकत पुढे ओघाने येईलच.

मी काही वकील नव्हे. जन्म पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला. पोट भरले ते महाडात, टंकलेखनाच्या वर्गावर. मात्र वकील मंडळींचे दावे, कैफियती व अर्ज पंचवीस वर्षे टंकित करून दिल्यामुळे कायद्याची भाषा बोटांतून पुष्कळ गेली आहे. बोटांतून जाते ते सगळेच डोक्यात शिरते असे नाही. तथापि काही राहिले, आणि पुढे एका प्रसंगाने ते मुळापासून वाचून काढणे मला भाग पडले.

त्या प्रसंगाआधी थोडे मागे गेले पाहिजे. १९६० च्या आसपास आमच्या वाडीतली निम्मीअधिक घरे मुंबईच्या पैशावर चालत. पुरुष गिरणीत किंवा गोदीत. बायका, म्हातारी माणसे व गुरे गावी. सावित्रीच्या खोऱ्यातली ही सगळी गावे अशीच. टपालवाला डोंगर चढून आठवड्यातून एकदोनदा येई. पत्र आले तरी ते वाचणार कोण? वाडीत अक्षरओळख असलेली माणसे थोडी, आणि ज्यांना होती ती मुंबईला. तेव्हा चौथीतला मी हा वाडीचा सरकारी वाचक झालो. ओटीवर बसून पत्र मोठ्याने वाचायचे. समोर सासरा, बाजूला दीर, दाराच्या आड जिच्या नवऱ्याचे पत्र ती.

पोस्टकार्ड हे चार लोकांचे. पाकिटाला पैसे जास्त पडत, आणि मौज अशी की पाकीट आले म्हणजे यात काहीतरी आहे हे पत्र फोडण्याआधीच साऱ्या वाडीला कळे. गुपित राखण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, आणि गुपित असल्याची दवंडी मात्र फुकट पिटली जायची! ओटीवरचे वाचन आटोपले की संध्याकाळी गोठ्यामागे मला हाक येई. तीच बाई, तेच पत्र. “शेवटच्या दोन ओळी परत वाच.” त्या दोन ओळी बहुधा प्रकृतीला जप, पावसात फार भिजू नको, एवढ्याच असत. पण त्या तिला एकटीला ऐकायच्या असत. एका म्हातारीला मुलाने दुखण्याबद्दल लिहिले होते. कसले दुखणे ते मला त्या वयात समजले नाही, तिला समजले. तिने पत्र माझ्या हातातून घेतले, कमरेला खोचले आणि म्हणाली, “वाचलास ना पोरा, आता इसर.”

‘खासगी’ हा शब्द आपण आज सर्रास वापरतो. पण मराठी दप्तरांत त्याचा थाट निराळा होता. होळकरांची दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. खासगी म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न व खर्च. थोडक्यात, खासगी असे काही असणे हा मोठ्यांचा मान होता. गोठ्यामागे उभ्या राहिलेल्या बाईला खासगी नव्हते. तिला फार तर आडोसा होता. या लेखात मला जे सांगायचे आहे ते या आडोशाबद्दलच आहे.

आता इतिहासाकडे वळतो. आमचे महाड १९२७ या सालाने ओळखले जाते. त्या वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात काही महाडकरांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचा रोख वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे केले होते, आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेखाली तळे सर्वांना खुले ठेवण्याचा ठराव केला होता. तेव्हा तळे सार्वजनिक म्हटले की भांडण संपले. म्हणून फिर्यादी म्हणाले, तळे सार्वजनिक नाहीच; ते स्पृश्य लोकांच्या खासगी मालकीसारखे आहे. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत, परगावचा वाटसरू हातपाय धूत असे, ते एका रात्रीत खासगी झाले. महाडच्या न्यायालयात १९३१ साली व ठाण्याला १९३३ साली फिर्यादी हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांचे शेवटचे अपील निकालात निघाले. न्या. ब्रूमफील्ड यांनी निकालपत्र लिहिले. गांधीजींना १९२२ साली अहमदाबादेस शिक्षा सुनावणारे ते हेच.

ही कथा प्रत्येक महाडकराला पाठ असते. ती येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. खासगी हा शब्द नेहमीच दुबळ्याच्या रक्षणाला येतो असे नाही. बळकटाच्या हाती तो कुंपणाचा खांब होतो. ‘आमच्या घरातली गोष्ट’ असे म्हणून किती घरांत काय काय झाकले जाते हे मी कोणाला सांगायला नको.

त्याच १९२७ सालच्या जुलैत मुंबईला एक मासिक सुरू झाले. नाव ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, दापोलीजवळच्या मुरुडचे, म्हणजे आमच्याच कोकणातले. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ साली ती नोकरी सोडावी लागली. स्वभाव हट्टी, भाषा रोखठोक. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापण्याचा त्यांचा आग्रह मला आजही अनाठायी वाटतो. त्यांच्या विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. परंतु मासिकाच्या आत जे होते ते निराळे होते. लोक त्यांना पत्रे लिहीत. आईला विचारता येत नाही, वैद्याला विचारायची लाज वाटते, मित्राला विचारले तर तो गावभर करील, अशा शंका. कर्वे त्यांना शास्त्राच्या आधाराने, एकही अलंकार न वापरता उत्तर देत. आमच्या वाडीतल्या गोठ्यामागची ती जागा एका प्राध्यापकाने छापील पानावर करून दिली होती म्हणा ना.

१९३१ साली व्यभिचारावरील एका लेखाबद्दल त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला झाला, आणि या खेपेस तक्रारीचे मूळ वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हे होते. कर्व्यांच्या बाजूने कोण उभे राहिले? डॉ. आंबेडकर. चवदार तळ्याचा दावा अजून उच्च न्यायालयात लोंबकळत होता. गोलमेज परिषदा व पुणे करार नुकताच मागे पडला होता. अशा धामधुमीत ज्याची बाजू घेतल्याने चार मते मिळायची नाहीत, उलट जायची, अशा माणसाचे वकीलपत्र त्यांनी घेतले. वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे हे तर या मासिकाचे कामच आहे, आणि लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तळ्याचा खटला जिंकलेले आंबेडकर आपल्याला ठाऊक असतात. हा हरलेला खटला फारसा कोणी सांगत नाही. माझ्या मते दोन्हींत प्रश्न एकच होता. ज्याला तहान लागली आहे त्याने पाणी कोठे प्यावे?

हरण्याचे कारण न्यायाधीशाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कायद्यात शोधावे. १८६० च्या दंडसंहितेत अश्लील पुस्तकांविषयी कलम होते. पुढे जिनीव्हा येथे १९२३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानंतर १९२५ साली आपल्याकडे ते कडक करण्यात आले. अश्लील म्हणजे काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. ती कसोटी विलायतेच्या १८६८ सालच्या एका निकालातून घेतलेली. ज्यांची मने अशा प्रभावांना खुली आहेत त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर ती बिघडतील काय? म्हणजे मापाला घरातले सर्वांत कच्चे मन घ्यायचे आणि त्याच्या मापाने साऱ्यांचे अंगरखे बेतायचे. १९२५ च्या कलमात अपवाद होता, पण तो धर्माकरिता. देवळावरील शिल्प, रथावरील चित्र, धार्मिक हेतूने ठेवलेली वस्तू यांना कायदा शिवत नसे. शास्त्राकरिता अपवाद नव्हता. देऊळ सुटले, वैद्य अडकला. विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला सूट देणारी दुरुस्ती १९६९ साली झाली. कर्वे १९५३ च्या ऑक्टोबरात वारले होते, आणि मासिकही त्यांच्यामागोमाग बंद पडले होते.

त्याच १९६९ साली आमच्या दिवाळी अंकाचा निकाल लागला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली होती. अंकावर फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून नाममात्र दंड केला. काकोडकर दिल्लीपर्यंत गेले, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. मधल्या काळात, १९६४ साली, मुंबईच्याच एका पुस्तकविक्रेत्याची लॉरेन्सच्या कादंबरीबद्दलची शिक्षा त्याच न्यायालयाने कायम केली होती. तीत ती विलायती कसोटी उचलून धरली होती. ती पुरती टाकून द्यायला २०१४ साल उजाडावे लागले. सात वर्षे एका कथेपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या त्या लेखकाच्या मनात प्रत्येक दिवाळीला काय येत असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

असो. २००२ साली मी वर्गातली बारा टंकयंत्रे मोडीत काढली आणि पाच संगणक आणले. महाडला औद्योगिक वसाहत, कॉलेज, आखाती देशांत गेलेली मुले. इंटरनेटला गिऱ्हाईक तोटा नव्हता. निकाल पाहणे, नोकरीचे अर्ज, कुवेतला असलेल्या मुलाशी बोलणे, सगळे माझ्या दुकानात चाले. काही तरुण मंडळी कशासाठी येतात हेही मला समजत होते. वाचकांपाशी खोटे कशाला बोलू? मी प्लायवुडची सहा फुटी पार्टिशने ठोकली ती त्यांच्यासाठीच. तासाला पैसे तेच जास्त देत.

त्याच सुमारास सरकार व न्यायालये या नव्या तळ्याकडे पाहू लागली होती. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि त्याच्या ६७ व्या कलमाने पडद्यावरील अश्लीलतेला शिक्षा ठेवली. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर इंटरनेटवरील अश्लील मजकूर व लहान मुले हा प्रश्न आला, आणि न्यायालयाने एक समिती नेमली. तिने २००२ च्या आरंभी अहवाल दिला. सायबर कॅफेत येणाऱ्याची ओळख पाहावी, मुलांनी मोकळ्या जागेतल्या यंत्रावर बसावे, नोंदी ठेवाव्या, अशा धर्तीच्या तिच्या सूचना होत्या. मुलांना जपावे हा हेतू कोण नाकारील? मीही दोन मुलांचा बाप होतो. पुढे २०११ च्या एप्रिलात केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले, आणि त्या सूचनांतल्या बऱ्याच गोष्टी देशभर कायद्याच्या झाल्या. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे; नाव, पत्ता, दूरध्वनी, कोणत्या यंत्रावर बसला, केव्हा बसला, केव्हा उठला, हे वहीत लिहायचे; कोणी कोणती पाने पाहिली त्याची यंत्रातली नोंद वर्षभर ठेवायची; अश्लील पाने पाहू नयेत अशी पाटी लावायची; आणि आडोशाची उंची जमिनीपासून साडेचार फुटांहून अधिक नसावी.

साडेचार फूट हा आकडा ज्याने काढला तो माणूस हिशेबी खरा. बसलेल्याला वाटावे आपण झाकलेले आहोत, आणि उभ्याला सारे दिसावे. मी सुताराला बोलावून प्रत्येक पार्टिशनची दीड फूट उंची कापून घेतली. ते तुकडे पुढे माळ्यावर फळ्या म्हणून उपयोगी पडले.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेजात जाणारी एक मुलगी दुकानात येऊ लागली. गाव पोलादपूरकडचे, म्हणजे माझ्याच मुलखातले. वय वीसच्या आत. शेवटच्या यंत्रावर अर्धा तास बसे, वहीत काही टिपून घेई, पैसे देऊन खाली मान घालून जाई. नियमाप्रमाणे मी तिचे नाव, गाव, वेळ लिहीत होतो. एके दिवशी तिचा चुलता आला. एसटीतून उतरून तडक आलेला, छत्री गळते आहे, अशा अवतारात.

“मास्तर, आमची पोर इथं येते म्हणतात. काय बघते ते दाखवा.”

नियम मी वाचला होता. वही सुरक्षित ठेवायची, आणि दाखवायची ती अधिकाऱ्याला, चुलत्याला नव्हे. एवढे बोलणे माझ्या ओठांवर आलेही होते. पण तो गावचा, वडिलांना ओळखणारा, वयाने मोठा; आणि माझ्याही मनात कोठेतरी होते की मुलीचे पाऊल वाकडे पडत असेल तर घरच्यांना कळलेले बरे. मी वही त्याच्यापुढे केली. तेवढ्यावर थांबलो नाही. यंत्रातली नोंद उघडून पाहिली. पाळीच्या त्रासाबद्दल डॉक्टरांनी लिहिलेली माहिती होती, एका आजाराची लक्षणे होती, मूल होण्यास त्याने अडचण येते काय, असा प्रश्न होता. दुसरे काही नव्हते. मी म्हणालो, “अहो, काही वावगे नाही. बायकांच्या दुखण्याची माहिती आहे, डॉक्टरांनी लिहिलेली.”

त्याने त्यातले एवढेच ऐकले की पोर ‘तसलं’ बघते.

ती पुन्हा आली नाही. दिवाळीनंतर कळले की कॉलेज सुटले, आणि माघात तिचे लग्न झाले. दुखण्याचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

तेव्हापासून मी कायदे व निकाल वाचू लागलो, आणि वाचताना पुन:पुन्हा चकित झालो. ‘समाजस्वास्थ्य’ला पत्र घालणारा १९३४ सालचा वाचक आणि माझ्या शेवटच्या यंत्रावर बसलेली ती मुलगी यांचा प्रश्न एका जातीचा होता. त्या वाचकाला निदान एवढा दिलासा होता की त्याचे पाकीट कोणी टपालवाल्याने वहीत टिपून ठेवले नव्हते. टपाल फोडण्याचा अधिकार सरकारने १८९८ च्या टपाल कायद्यात स्वतःकडे ठेवला होता हे खरे, पण तो आणीबाणीच्या प्रसंगी वापरायचा. येथे प्रसंग असो वा नसो, नोंद प्रत्येकाची होत होती, आणि ती सांभाळायला बसविला होता माझ्यासारखा दुकानदार.

मुलीबाळींच्या बाजूनेही या कायद्याने काही केलेच नाही असे मी म्हणणार नाही. २००८ च्या डिसेंबरात, मुंबईवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, माहिती तंत्रज्ञान कायद्याची मोठी दुरुस्ती संसदेत फारशी चर्चा न होता मंजूर झाली. २००९ च्या ऑक्टोबरात ती अमलात आली. तिने कोणाच्या संमतीवाचून त्याच्या उघड्या अंगाचे चित्र काढणे व पसरविणे हा गुन्हा ठरविला. मुलांच्या बाबतीत तर असे चित्र शोधणे व पाहणेही गुन्हा झाला. हे फार आधी व्हायला हवे होते. परंतु त्याच दुरुस्तीने ६६ अ हे कलमही आणले, ज्यात त्रासदायक वाटणारा संदेश धाडणे हाही गुन्हा होता. त्याचा प्रताप २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला दिसला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींनाही अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. संकेतस्थळे बंद करण्याचा सरकारचा अधिकार मात्र तसाच राहिला. त्याच वर्षी ३१ जुलैला एका हुकमाने ८५७ संकेतस्थळे बंद झाली, आणि ओरड होताच चारपाच दिवसांत तो हुकूम बराचसा सैल झाला. कपाट बंद करण्याचा हा उत्साह आणि त्यात नेमके काय आहे हे पाहण्याचा कंटाळा, ही जोडी जुनीच आहे.

या साऱ्या वाचनात एक गोष्ट हाती लागली तिने मला पुन्हा महाडला आणून सोडले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. घटना लागू होऊन सदुसष्ट वर्षे झाली होती. मग इतकी वर्षे तो हक्क होता कोठे? निकालपत्रात त्याचा मागोवा घेतला आहे. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये, असे कलम घटना घडत असताना सुचविले गेले होते, आणि चर्चेत ते गळून पडले. सुचविणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते आणि डॉ. आंबेडकर होते, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात ते स्पष्ट आहे. तळे खासगी नाही म्हणून दहा वर्षे झगडणारा, प्रश्न विचारणाऱ्या वाचकांच्या मासिकासाठी कोर्टात उभा राहणारा आणि गरिबाच्या घरातले कागद सरकारनेही उगाच उपसू नयेत म्हणून कलम लिहिणारा माणूस एकच. तळ्यावर सगळ्यांनी यावे, पण ओंजळीत पाणी घेताना कोणी नाव विचारू नये, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. विद्वानांना तो पटेलच असे नाही.

आता सायबर कॅफे राहिले नाहीत. आडोसा प्रत्येकाच्या खिशात आला, आणि वहीही. २०२१ च्या नियमांनी, कोणाचे विवस्त्र चित्र पसरले आणि त्या व्यक्तीने तक्रार केली तर ते चोवीस तासांत काढून टाकण्याचा दंडक कंपन्यांना घातला. कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच तर मुलीवर डोळे वटारण्याआधी ती तक्रार करावी, एवढे मी जरूर सांगेन. २०२३ चा विदा संरक्षण कायदा म्हणतो की अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची संमती घ्यावी. कंपन्यांच्या हावरेपणाला आवर म्हणून हे ठीकच. पण सतरा वर्षांच्या मुलीला आईबापांनाच जे विचारता येत नाही, ते तिने विचारायचे कोठे? माझ्यापाशी उत्तर नाही. मी फक्त चुलत्याचा चेहरा आठवतो.

२२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री व गांधारी यांनी महाडची बाजारपेठ बुडविली. दुकान आता मुलगा पाहतो. छायाप्रती, सरकारी अर्ज, असले काम. चार दिवसांनी चिखल उपसताना मागच्या कपाटातून त्या जुन्या वह्या निघाल्या. नियमाने एक वर्ष ठेवायच्या. मी दहा वर्षे ठेवल्या होत्या. का, ते सांगता येत नाही. फुगून लाद्यांसारख्या झाल्या होत्या. २०११ ची वही मी वेगळी काढली आणि ओट्यावर बसून पाने सोडवू लागलो. शाई पसरून निळे डाग झाले होते. कोठे गाव वाचता येई, कोठे वेळ, नाव कोठेच नाही. पावसाळ्याची पाने तर एकमेकांना चिकटून बसलेली. मुलगा टोपली घेऊन आला आणि म्हणाला, “बाबा, हे टाकायचे ना?” मी वही टोपलीत ठेवली आणि फावडे उचलले.